साताऱ्याचा वेढा

मराठ्यांच्या लढायांचा विषय निघाला कीं, आपल्या डोळ्यांपुढें प्रथम घोडा उभा राहतो. खोगिराला बांधलेला हरभऱ्याचा तोबरा, हातांत भाला, आणि शत्रूची छावणी जागी होण्याच्या आंत डोंगराआड दिसेनासा झालेला स्वार, हें चित्र बखरकारांनीं रंगविलें, कादंबरीकारांनीं गडद केलें आणि शाळेंतील पुस्तकांनीं घरोघर पोंचविलें. तें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. संताजी घोरपड्यांच्या नुसत्या नांवानें मोगल सरदारांस धडकी भरत असे, हें मोगलांच्याच इतिहासकारांनीं लिहून ठेविलें आहे. परंतु या एका चित्रावर आपण इतके लुब्ध झालों आहोंत, कीं त्या काळच्या युद्धाचा निम्म्याहून अधिक भाग आपल्या नजरेआड राहतो. हा भाग धांवण्याचा नसून बसण्याचा होता. डोंगराच्या पायथ्याशीं एकानें बसावयाचें, माथ्यावर दुसऱ्यानें बसावयाचें, आणि कोणाचें धान्य, पैसा किंवा धीर आधीं संपतो याची दोघांनींहि वाट पाहावयाची. सतराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेंत जें युद्ध झालें तें बहुतांशीं अशा वेढ्यांचें युद्ध होतें. आणि तें समजून घ्यावयाचें तर साताऱ्याच्या वेढ्याइतकें सोईचें उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

अजिंक्यतारा साताराकरांस परका नाहीं; उलट तो रोज अंगणांतून दिसतो म्हणूनच त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहणें राहून जातें. सपाटीपासून सुमारे हजार फूट उंचीचा हा डोंगर. माथ्याच्या खालीं सुमारे चाळीस फुटांचा काळ्या दगडाचा उभा कडा आणि त्या कड्यावर तट, एवढीच त्याची मूळची ताकद. राजगडाची किंवा प्रतापगडाची दुर्गमता येथें नाहीं. १६७३ सालीं शिवाजीमहाराजांनीं हा किल्ला घेतला. पुढें जिंजीहून परतल्यावर राजाराममहाराजांनीं येथें राजधानी केली, आणि डोंगराचें महत्त्व एकदम वाढलें. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेब करंजें गांवापाशीं येऊन उतरला तो केवळ एक गड घेण्यासाठीं नव्हे. राजधानी पडली म्हणजे राज्य पडलें, हा उत्तरेकडील युद्धाचा अनुभव त्याच्या पाठीशीं होता. करंजें आज सातारा शहरांतच सामावून गेलें आहे. तेथील रहदारींत उभें राहून त्या छावणीची कल्पना करणें अवघडच आहे.

बादशहाचें वय त्या वेळीं एक्क्याऐंशी वर्षांचें होतें. चार वर्षें भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस मुक्काम करून, सरदारांकडून कांहीं होत नाहीं असें पाहून, त्यानें स्वतः एकेक किल्ला घेण्याचा निश्चय केला. वाटेंत कराडाजवळचा वसंतगड तीन दिवसांत हातीं आला, तेव्हां त्याचें नांव ‘किलीद-इ-फतह’, म्हणजे विजयाची किल्ली, असें ठेवण्यांत आलें. किल्ली लवकर मिळाली खरी, परंतु कुलपें इतकीं निघालीं कीं पुढें साडेपांच वर्षें, वाकिनखेड्याच्या वेढ्यापर्यंत, म्हातारा घराबाहेरच राहिला.

या छावणीचा आकार ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील हकीकतीचा उलगडा व्हावयाचा नाहीं. १६९५ सालीं जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकांठच्या गलगल्यास बादशाही तळ पाहून गेला. तळाचा घेर तीस मैलांचा आणि वस्ती पांच लाखांची असल्याचें तो सांगतो. प्रवाशाच्या आंकड्यांतून थोडें वजा करावयाचें म्हटलें तरी तें चालतें शहरच होतें. या शहरास रोज खावयास लागे. हत्ती, उंट, घोडे, बैल यांना वैरण लागे. ती आणण्यास, म्हणजे त्या काळच्या भाषेंत कहीस, जी टोळी जाई तिच्याबरोबर मोठा सरदार व बळकट पथक द्यावें लागे. कारण आमच्या चित्रांतला तो घोडेस्वार येथेंच उभा असे. मराठ्यांची फौज बादशहाच्या तळावर सहसा चालून जात नसे. ती त्या तळाच्या पोटावर बसे. म्हणजे गड आणि घोडा हीं दोन निराळीं शस्त्रें नव्हतींच. गडानें शत्रूला एका जागीं खिळवावयाचें आणि घोड्यानें त्याची उपासमार करावयाची. गडांवांचून घोडा म्हणजे नुसती लूट, घोड्यावांचून गड म्हणजे नुसता तुरुंग.

साताऱ्याभोंवतीं मोर्चे लागले. बादशहा उत्तरेस, शाहजादा आज्जम पश्चिमेस शहापुराकडे, पूर्वेस तोफखान्याचा मुख्य तर्बियतखान. त्या कड्यापुढें तोफांचा फारसा उपयोग नव्हता. गोळा वर मारावयाचा, आणि लागला तरी दगडास लागावयाचा. उलट किल्ल्यावरून नुसते धोंडे लोटले तरी ते तोफेच्या गोळ्यासारखें काम करीत, असें ग्रँट डफनें लिहिलें आहे. ग्रँट डफ हा साताऱ्याचा पहिला रेसिडेंट. त्यानें तो उतार रोज डोळ्यांनीं पाहिला होता, तेव्हां या बाबतींत त्याचा शब्द आम्ही मानतों. तोच असेंहि सांगतो कीं किल्ल्यावर धान्य अवघें दोन महिन्यांचें होतें, आणि परळीच्या किल्ल्यावर असलेल्या परशुराम त्रिंबकांनीं शाहजाद्या आज्जमाशीं संधान बांधून त्याच्या मोर्च्यांतूनच दाणागोटा आंत जाऊं दिला. बापाच्या वेढ्यांत मुलानेंच भोंक ठेवावें हें आज विचित्र वाटतें. पण बादशहा ऐंशीच्या पलीकडे गेलेला, वारसाची लढाई डोक्यावर आलेली. अशा वेळीं शत्रूशीं थोडी ओळख राखून ठेवणें शाहजाद्यास पुढील बेगमी वाटली असेल तर नवल नाहीं. वेढा म्हणजे एका बाजूस एक पक्ष व दुसऱ्या बाजूस दुसरा, अशी स्वच्छ रेघ त्या काळीं कोठेंच नव्हती.

तोफा चालेनात तेव्हां सुरुंग आले. खडकांतून चर खणीत, वर लाकडाचें आच्छादन उभारीत, तर्बियतखानाचे बेलदार तटाखालीं पोंचले, आणि १३ एप्रिल १७०० रोजीं दोन सुरुंगांस बत्ती देण्यांत आली. हा देखावा पाहण्यास बादशहाची स्वारी थाटानें निघाली आणि ती पाहण्यास किल्ल्यावरील लोक, त्यांतच किल्लेदार प्रयागजी प्रभु, तटाशीं गर्दी करून उभे राहिले, असें ग्रँट डफ म्हणतो. पहिला सुरुंग उडाला तो तट आंतल्या बाजूस कोसळला. पुष्कळ माणसें गाडलीं गेलीं. प्रयागजीहि गाडला गेला, परंतु मागाहून दगडमाती उपसतांना तो जिवंत सांपडला, आणि गडावरच्या लोकांनीं हा देवीचा कौल मानला. दुसरा सुरुंग उडाला तो मात्र बुरुजच्या बुरुज बाहेरच्या बाजूस घेऊन आला. तुटलेल्या तटांतून आंत शिरण्यासाठीं मोगलांचें पायदळ अगदीं खालींच दाटीनें उभें केलेलें होतें. सुमारे दोन हजार माणसें एका क्षणांत दगडांखालीं गेलीं.

या दिवसाची जी हकीकत आम्हांस सर्वांत अधिक बोलकी वाटते ती स्फोटाची नसून त्यानंतरची आहे. मेलेल्यांत उत्तर हिंदुस्थानांतून आलेले बहेलिये नांवाचे बंदूकवाले हिंदु शिपाई पुष्कळ होते. त्यांचे भाऊबंद चरांत, लाकडांखालीं व दगडांखालीं गाडलेले; उकरून काढावे तर हात पोंचत नव्हते, आणि प्रेतांस अग्नि न देतां तसेंच टाकून जाणें मनास पटत नव्हतें. तेव्हां उरलेल्या शिपायांनीं रात्रीं त्या चराच्या लाकडी कामालाच आग लावून दिली. कित्येक महिन्यांच्या कष्टानें उभारलेलें तें सारें लाकूड सात दिवस जळत होतें. बादशहाच्या तोफखान्याच्या दृष्टीनें हा भयंकर अपराध. त्या शिपायांच्या दृष्टीनें ती चिता. ज्या गडासाठीं ते मेले त्या गडाशीं त्यांचें वैर नव्हतें, ज्या बादशहासाठीं मेले त्याच्या धर्माशीं त्यांचें नातें नव्हतें. पगारासाठीं शेंकडों कोस चालत येऊन ते साताऱ्याच्या उतारावर मेले, आणि युद्धाविषयीं त्यांना काय वाटत होतें तें त्यांनीं त्या आगीनें सांगून टाकलें.

त्याच दिवशीं मोगलांच्या बाजूनें पडलेल्या तटावर जे थोडे लोक चढले त्यांत एक नांव आमच्या परिचयाचें आहे: बाजी चव्हाण डफळे. वर चढून त्यानें खालच्यांस हांका मारल्या, पण नुकतेंच दोन हजार माणसांचें मरण पाहिलेल्या शिपायांपैकीं कोणी पुढें येईना. गडकऱ्यांनीं सावध होऊन त्या मूठभर लोकांस तेथेंच कापून काढलें. हे डफळे जतचे. जत आज सांगली जिल्ह्यांत आहे. विजापूरची आदिलशाही १६८६ सालीं बुडाल्यावर हें घराणें मोगलांच्या चाकरींत गेलें. म्हणजे साताऱ्याच्या तटावर त्या दिवशीं मराठा मराठ्याच्या हातून मेला. आपल्याकडील लेखक अशा ठिकाणीं एकतर नांव गाळतात, नाहीं तर ‘स्वजनद्रोही’ म्हणून मोकळे होतात. आम्हांस दोन्ही गोष्टी पसंत नाहींत.

माणदेशापासून कृष्णाकांठापर्यंतच्या देशमुख घराण्यांचे त्या पंचवीस वर्षांतले कागद पाहिले तर एकच गोष्ट ठळकपणें दिसते: वतन. म्हसवडच्या नागोजी मान्यांचेंच उदाहरण घ्या. ते मोगलांकडे होते, जिंजीस राजाराममहाराजांकडे आले, पुन्हां मोगलांकडे गेले, आणि १६९७ सालीं संताजी घोरपड्यांचा वध त्यांच्याच हातून झाला. राजे बदलत, सुभे बदलत. वाडवडिलांची जमीन, गांवचा मान आणि वसुलांतील हक्क तेवढे बदलूं नयेत ही प्रत्येकाची धडपड असे. राजाराममहाराजांच्या कारभाऱ्यांनीं ही गोष्ट ओळखली आणि शत्रूच्या मुलुखांतील जमिनीसुद्धां आगाऊ लिहून देऊन माणसें आपल्याकडे वळविलीं. बादशहाहि तेंच करीत होता. वतनाच्या सनदा हा त्या युद्धांतील दारूगोळाच होता म्हणा ना. आणि आमच्या मतें तो सुरुंगांपेक्षां अधिक दूरवर पोंचला. राष्ट्र या शब्दाचा आजचा अर्थ घेऊन त्या माणसांस मोजूं गेलें, तर त्यांतले फारच थोडे आपल्या कांट्यावर उतरतील.

आतां सुभानजीविषयीं. मराठी परंपरेला साताऱ्याचा किल्लेदार म्हणून प्रयागजी प्रभु आठवतो. मोगलांच्या वृत्तांतांत सुभानजीचें नांव येतें. मार्चच्या आरंभीं राजाराममहाराज सिंहगडावर निवर्तले होते. किल्ल्यावर धान्य संपत आलेलें, तट दोन ठिकाणीं फुटलेला, धनी गेलेला. अशा स्थितींत सुभानजीनें शाहजाद्या आज्जमामार्फत बोलणें लावलें आणि २१ एप्रिल १७०० रोजीं किल्ला दिला. त्याला मनसब मिळाली. किल्ल्याला शाहजाद्याच्या नांवावरून ‘आज्जमतारा’ हें नांव मिळालें. प्रयागजी शूर आणि सुभानजी फितूर, असा निकाल देणें फार सोपें आहे. पण साडेचार महिने बादशहाला, त्याच्या तोफखान्याला आणि त्या पांच लाखांच्या शहराला एका डोंगराखालीं अडकवून ठेवल्यावर, पावसाळा महिना दीड महिन्यावर आला असतांना किल्ला देणें ही फितुरी कीं हिशेब?

त्याच सुमारास युरोपांत काय चाललें होतें तें पाहावें. १६९५ सालीं नामूरचा किल्ला बूफ्लेर या फ्रेंच सेनापतीनें इंग्लंडच्या विल्यम राजास दिला. निम्म्याहून अधिक सैन्य कामास आल्यावर तो उरलेल्या लोकांनिशीं सन्मानानें बाहेर पडला, आणि चौदाव्या लुईनें त्याला शिक्षा करण्याऐवजीं ड्यूक केलें. तट फुटेपर्यंत लढावें आणि तो फुटल्यावर कौल घ्यावा, यांत कमीपणा नाहीं, असें तिकडे सर्वमान्य होतें. आमच्या इकडे हा नियम कोणी पुस्तकांत लिहिला नाहीं इतकेंच. बूफ्लेर आपल्याच राजाकडे परतला आणि सुभानजी शत्रूच्या चाकरीस राहिला, हा फरक मोठा आहे, आणि तो आम्ही झांकीत नाहीं. परंतु फरक चाकरीचा आहे. किल्ला देण्याचा नव्हे. पुढें तर हा व्यवहार उघडच झाला. विशाळगड १७०२ सालीं व सिंहगड १७०३ सालीं बादशहानें घेतले ते शेवटीं पैसे मोजून. मराठ्यांनीं आधीं किल्ला लढवून त्याची किंमत चढवावयाची, पावसाच्या तोंडावर ती रोख वसूल करावयाची, आणि बादशहा पुढच्या गडाखालीं जाऊन बसला म्हणजे मागचा परत घ्यावयाचा. त्या पैशांत पुन्हां फौज उभी राही. आपल्याच विरुद्ध चाललेल्या लढाईचा खर्च बादशहा निम्मा स्वतः देत होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडांवर एवढा भर कां आहे याचें उत्तर या अनुभवांत आहे. गडावर पाणी एकाच टाक्याचें नसावें, दारूखाना वस्तीपासून दूर असावा, अशा बारीक सूचना ज्यानें लिहिल्या त्या माणसानें ही पंचवीस वर्षें कारभार करून पाहिलीं होतीं. गड अजिंक्य असतो अशी त्याची भाबडी समजूत नव्हती. गड काळ विकत घेतो, हें त्याला ठाऊक होतें.

आणि काळ खरोखर मराठ्यांच्या बाजूस होता. साताऱ्याहून बादशहा परळीस, म्हणजे आजच्या सज्जनगडास, जाऊन लागला. जूनमध्यें परळी पडली, पण तोंवर मृग कोसळूं लागला होता. परळीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना छावणीचें काय झालें असेल तें सांगावयास नको. तेथून भूषणगडापर्यंत पंचेचाळीस मैलांच्या मजलेस सुमारें पांच आठवडे लागले. नद्यांना पूर, बैल-उंट मेलेले, तंबू ओले, आणि बाजारांत धान्य मिळेना. पुढें माणगंगेच्या कांठीं खवासपुरास मुक्काम असतां ऑक्टोबरांत एका रात्रीं नदी छावणींत शिरली. मराठे आले असें समजून बादशहा घाईनें उठला, पडला, आणि त्याचा गुडघा कायमचा दुखावला. तैमूरहि लंगडाच होता, असें म्हणून दरबाऱ्यांनीं त्याचें समाधान केलें. एरव्हीं कोरड्या पडलेल्या माणगंगेनें जें केलें तें साडेचार महिन्यांत साताऱ्याच्या तोफांना जमलें नव्हतें.

सातारा पुढें मराठ्यांनीं परत घेतला. अण्णाजीपंत नांवाच्या ब्राह्मणानें भिक्षेकऱ्याच्या वेषानें मोगली शिबंदीस गाणीं-गोष्टी ऐकवून गडावर प्रवेश मिळविला आणि मावळ्यांस आंत घेतलें, असें ग्रँट डफनें दिलें आहे. गोष्ट गोड आहे. मात्र शेवटीं सर्व शिबंदी कापली गेली, हें त्याच परिच्छेदांतलें वाक्य आमचे कीर्तनकार बहुधा सांगत नाहींत. १७०८ सालीं शाहूमहाराज आले तेव्हां तर बंदूकहि फारशी वाजली नाहीं. किल्ल्यावरील शेख मीरा याचीं बायकामुलें वाईस होतीं; तीं पकडून तोफेच्या तोंडीं देण्याची धमकी देण्यांत आली, आणि शेख मीरानें परशुराम त्रिंबकांस कैद करून दरवाजा उघडला. औरंगजेबास जें सुरुंगांनीं साधलें नाहीं तें कुटुंबाच्या धमकीनें साधलें. याला शौर्य म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं, पण हेंहि त्याच युद्धशास्त्राचें एक कलम होतें, आणि त्यास त्या वेळीं कोणी नांवें ठेविल्याचें दिसत नाहीं.

हें शास्त्र पुढें किती टिकलें हें पाहावयाचें तर साताऱ्याहून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खालीं मिरजेस जावें लागतें. मिरजेचा भुईकोट १७३९ सालीं शाहूमहाराजांनीं घेतला, १७६१ त तें ठाणें पटवर्धनांकडे आलें, आणि त्यांचें दप्तर वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपानें बाहेर काढलें. मिरजेच्या शाळेंत शिकवून, पदरचे पैसे घालून एका माणसानें केलेलें हें काम. त्याबद्दलची कृतज्ञता नुसत्या उल्लेखानें फिटणारी नाहीं. त्या पत्रांत लढाई दोन ओळींची आणि पैशाची चिंता दोन पानांची असते. सावकार देत नाहीं, स्वार रोजमुऱ्यासाठीं धरणें धरतात, वैरण महाग, घोडीं मेलीं. युद्ध त्या लोकांस कसें दिसत होतें याचा याहून प्रामाणिक पुरावा मिळणार नाहीं.

तासगांवच्या परशुरामभाऊंनीं टिपूच्या ताब्यांतील धारवाडास १७९० च्या सप्टेंबरांत वेढा घातला तो सहा महिन्यांहून अधिक चालला. बरोबर इंग्रजांची मुंबईची पलटण होती. तिच्यांतील मूर नांवाच्या अधिकाऱ्यानें मराठ्यांच्या तोफखान्याची थट्टा केली आहे. तोफ भरावी, अर्धा तास चिलीम ओढीत गप्पा माराव्या, मग ती उडवावी, धूळ बरी उडाली तर समाधान मानावें, आणि दुपारीं दोन तास दोन्हीकडून जेवणाची सुटी, असें त्याचें वर्णन आहे. थट्टा खरी असेल. पण इंग्रजांनीं फेब्रुवारींत घाईनें जो हल्ला चढविला तो फसला, त्यांचा कर्नल फ्रेडरिक वेढ्यांतच मरण पावला, आणि शेवटीं एप्रिल १७९१ त धारवाड पडलें तें चिलीम ओढणाऱ्यांच्याच पद्धतीनें: आंतले लोक थकले आणि किल्लेदार बद्रुज्जमानखानानें कौल घेतला. सुभानजीनें घेतला तसाच.

मात्र येथें हिशेब बिघडला. सन्मानानें जाऊं देण्याचें ठरलें असतां बाहेर पडलेल्या त्या लोकांवर मराठ्यांनीं हल्ला केला. बद्रुज्जमानखान जखमी होऊन कैदेंत पडला. त्यानेंच आधीं करार मोडला होता, असें मराठ्यांचें म्हणणें. खरें काय याचा वाद तेव्हांपासून चालला आहे. परंतु वाद चालला यावरूनच दिसतें कीं कौल ही मोडतां न येणारी वस्तु आहे असें दोन्ही पक्ष मानीत होते, आणि ती मोडल्याचा दोष कोणीच आपल्या माथीं घेण्यास तयार नव्हता.